शेवटच्या कुणग्यातला ताप

बाबांना ताप आला तो लावणी संपल्यावर पाचव्या दिवशी. २०२३ चा जुलै. त्या साली पाऊस उशिरा लागला, तरवा, म्हणजे लावणीची रोपं, तयार व्हायला वेळ गेला आणि एरवी जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरकणारी आमची लावणी पंधरा तारखेपर्यंत लांबली. घरामागे आमचे पाच कुणगे आहेत. कुणगे म्हणजे मेरेने, म्हणजे मातीच्या बांधाने, बांधलेले भातशेतीचे लहान तुकडे, एकाखाली एक उतरत गेलेले. शेवटचा कुणगा व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून. तो सर्वांत खोल. त्यात गुडघाभर चिखल असतो, आणि व्हाळ फुगला की पाणी मेरेवरून आत येतं. गडी मिळाले नाहीत म्हणून त्या कुणग्यात बाबा एकटेच दोन दिवस वाकून उभे होते. अनवाणी.

बाबांचं वय तेव्हा ६४, वजन ५४ किलो. साखर बारा वर्षांची. म्हणजे बारा वर्षांपूर्वी कळली, त्याआधी किती वर्षं अंगात होती ते देव जाणे. गोळ्या घ्यायचे, पण लावणी-कापणीच्या दिवसांत जेवणाचीच वेळ राहत नाही तिथे गोळीची कुठून राहणार? फोनवर मी विचारलं तर म्हणाले, "माका काय्येक जावक नाय. पावसात ताप कोणाक येना नाय गो?"

मी कुडाळात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चौदा वर्षं रक्त, लघवी, थुंकी, पू हेच बघते आहे. त्यामुळे पावसाळ्यातल्या तापाची आमची रांग मला तोंडपाठ. आधी मलेरिया, मग डेंग्यू, मग लेप्टो. सिंधुदुर्गात लेप्टोची धास्ती खरी आहे. उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा तो जंतू दरवर्षी शेतकऱ्यांना धरतो, म्हणून लावणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. २०१६ पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडतापही आला. इतक्या तापांच्या गर्दीत आणखी एखादा ताप लपून राहू शकतो, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी लेप्टो धरून औषध दिलं. त्यांनी योग्यच केलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मलेरियाची स्लाइड मी स्वतः पाहिली, काही नव्हतं. डेंग्यू नाही, लेप्टोही नाही. ताप मात्र रोज संध्याकाळी चारला थंडी वाजवत यायचा, रात्री घामाने अंथरूण ओलं करून उतरायचा. आठव्या दिवशी खोकला सुरू झाला. आम्ही त्यांना एका खासगी इस्पितळात नेलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला आणि थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तिथे मी बोलले. म्हटलं, थुंकी निगेटिव्ह आहे, आठ दिवसांचा ताप आहे, घरात टीबी नाही. उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही लॅबचं बघा."

त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही. कारण मी लॅबचंच बघत होते.

तीन दिवसांनी बाबांच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. कुशीवर वळता येईना. सोनोग्राफी झाली. स्क्रीनवर पांथरी दिसत होती (डॉक्टर स्प्लीन म्हणतात, पुस्तकात प्लीहा असतं, आमच्याकडची जुनी माणसं पांथरीच म्हणतात) आणि तिच्यात चार काळे ठिपके. सर्वांत मोठा सुपारीएवढा. पूच होता तो. मग कुठे रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू प्लेटवर वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवलं गेलं. तोवर शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू झाली होती. चौथ्या दिवशी कल्चरचा कागद हातात आला. त्यावर लिहिलं होतं: स्यूडोमोनास, बहुधा बाहेरून आलेली भेसळ.

कल्चरमधली भेसळ म्हणजे काय हे सांगायला हवं. रक्त घेताना कातडीवरचा किंवा हवेतला एखादा जंतू बाटलीत पडतो, वाढतो आणि पेशंटच्या रक्तात नसलेलं काहीतरी दाखवतो. असं होतं, आमच्याकडेही होतं. पण ज्याला दोन आठवडे ताप आहे, पांथरीत पू आहे, त्याच्या रक्तातल्या वाढीला भेसळ म्हणून सोडून देण्याआधी पुन्हा एकदा बघायला नको?

मी त्या लॅबमध्ये गेले. तिथली मुलगी माझ्या ओळखीची, माझ्याच कॉलेजची. तिने प्लेट अजून टाकली नव्हती, हे आमचं नशीब. झाकण बंद ठेवून मी ती उजेडात धरली. पहिल्या दिवशी या वसाहती, म्हणजे जंतूंचे वाढलेले ठिपके, टाचणीच्या टोकाएवढ्या, गुळगुळीत आणि ओलसर असतात, कुणाचंही लक्ष जाणार नाही अशा. आता चौथ्या दिवशी त्या कोरड्या झाल्या होत्या आणि सुरकुतल्या होत्या. मधोमध उंचवटा, त्यातून बाहेर सगळीकडे बारीक चुण्या. उन्हात वाळत घातलेल्या आमसुलाला पडतात तशा. चौदा वर्षांत अशी प्लेट मी पाहिली नव्हती. निदान, पाहिल्याचं आठवत नव्हतं.

तिने स्लाइडही दाखवली. गुलाबी रंग घेतलेल्या काड्या, दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिकट. बंद केलेली सेफ्टी पिन जशी दिसते तशी. आणि मग तिच्या रजिस्टरमध्ये औषधांची ओळ: जेंटामायसिन, दाद नाही. कोलिस्टिन, दाद नाही. ऑगमेंटिन, दाद देतो.

इथे मी थांबले. नेहमीचा स्यूडोमोनास याच्या बरोब्बर उलट वागतो. कोलिस्टिनने तो सहसा मरतो, ऑगमेंटिनला हिंग लावूनही विचारत नाही. मी बाहेर येऊन, पागोळ्यांखाली उभी राहून, आम्हाला मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. सर निवृत्त झालेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. वडिलांना साखर आहे? भातशेती करतात? कोलिस्टिनला दाद नाही, हे नक्की? मी तिन्हीला हो म्हटलं. सर म्हणाले, "झाकण उघडून वास घेऊ नकोस. प्लेट टेपने बंद करायला सांग. आणि वडिलांना आजच्या आज गोव्याला हलव."

आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे गोवा, हे ठरलेलंच. तिथे दोन दिवसांत पक्कं झालं. मेलिऑइडोसिस. जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमालेई. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, अभ्यासात या नावावर एक ओळ होती, परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नाही.

त्यानंतर महिनाभर बाबांच्या खाटेशेजारी बसून मी या जंतूबद्दल मिळेल ते वाचलं. सर पाठवत होते, मी वाचत होते. ते इथे लिहिते आहे ते याचसाठी, की हा जंतू आपल्या वाडीतला आहे आणि त्याचं नाव आपल्या वाडीत कुणाला माहीत नाही.

तो माणसासाठी जन्मलेला नाही. त्याचं घर माती आणि पाणी. उन्हाळ्यात वरची माती तापली, सुकली की तो खाली, ओलसर चिकणमातीत टिकून राहतो. पाऊस पडून पाणी वर चढलं की तोही वर येतो. टिकून राहणं ही त्याची खासियत. थायलंडमध्ये अभ्यासकांनी त्याला नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, खायला काहीही न घालता ठेवला, तर सोळा वर्षांनंतरही तो जिवंत होता. मातीत त्याला खाणारे अमिबा असतात. त्या अमिबांच्या पोटात जाऊनही न मरण्याचे जे मार्ग त्याने शोधले, तेच आपल्या अंगातल्या पांढऱ्या पेशींपुढे त्याला उपयोगी पडत असावेत, असं अभ्यासक मानतात. मला हे वाचून चमत्कारिक वाटलं. म्हणजे बाबांच्या रक्तात जे युद्ध चाललं होतं, त्याचा सराव शेवटच्या कुणग्यात कितीतरी आधीपासून चालू होता.

असे जंतू धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, गेले तरी बहुतेकदा शरीर त्यांना परस्पर निस्तरतं. त्यांना मराठी पुस्तकांत संधिसाधू जंतू म्हणतात. संधी कसली, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, फार दारू, थॅलेसेमिया, बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड्स. यांत मधुमेह सगळ्यांच्या पुढे. मेलिऑइडोसिस झालेल्यांत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांना साखर असते.

साखरेने नेमकं होतं काय? पायाला चीर पडते, चिखल लागतो, जंतू आत शिरतो. कधी चीरही लागत नाही. वादळी पावसात उडालेले तुषार श्वासातून आत जातात, कधी पाण्यातून पोटात जातो. आत गेल्यावर पहिल्या धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. साखर सतत चढलेली असेल तर या पेशी उशिरा पोचतात, जंतूला गिळताना कमी पडतात आणि गिळला तरी त्याला पुरता मारू शकत नाहीत. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, त्या वेळी १०.८ आली होती. म्हणजे पहारेकरी होते, पण पेंगुळलेले.

आणि हा जंतू गिळला गेला तरी त्याचं काम संपत नाही. पेशी त्याला एका पिशवीत कोंडते, तिथे त्याला विरघळवायचं असतं. तो ती पिशवी फोडून पेशीच्या आतल्या द्रवात उतरतो. तिथे पेशीचेच धागे आपल्या एका टोकाला गोळा करतो आणि त्यांच्या जोरावर पुढे सरकतो. पेशीच्या कडेपर्यंत पोचला की शेजारच्या पेशीला ढकलतो, दोन्ही पेशींची आवरणं एक होतात. अशा कितीतरी पेशी मिळून एक मोठी पेशी होते. वाडीतल्या घरांमधले गडगे पाडत एखादा घरोघर जावा, रस्त्यावर न दिसता, तसं हे. बाहेर रक्तात औषध फिरत असतं, पहारा फिरत असतो, आणि हा आतल्या आत. म्हणूनच याला निपटायला इतके दिवस लागतात. रक्तातून तो जाईल तिथे पू करतो: फुप्फुस, यकृत, पांथरी, पुरुषांत प्रोस्टेट, सांधे, हाडं. थायलंडमध्ये लहान मुलांना कानाखालच्या लाळग्रंथीत गळू होतं. एकाच आजाराची इतकी रूपं की डॉक्टरांनी प्रत्येक वेळी दुसरंच काही समजावं. फुप्फुसात झाला तर टीबीच वाटतो. बाबांना वाटला तसा.

कधी तो लगेच काही न करता अंगात दडूनही बसतो. दुसऱ्या महायुद्धात आशियात कैदेत राहिलेल्या एका अमेरिकी सैनिकाला हा आजार ६२ वर्षांनी झाला, अशी नोंद आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांतही वर्षांनुवर्षांनी तो वर आला. पण बहुतेकांना बाबांसारखाच, एक ते एकवीस दिवसांत.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९११ साली, रंगूनमध्ये. आल्फ्रेड व्हिटमोर नावाचे ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी. शवविच्छेदन करताना त्यांना बेवारस, हाल झालेल्या, मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत आणि पांथरीत एक वेगळाच पू दिसला. म्हणजे शरीराने आधीच मोडलेली माणसं. संधीची गोष्ट तेव्हापासूनच आहे. याला मेलिऑइडोसिस हे नाव १९२१ मध्ये मलायात स्टँटन आणि फ्लेचर यांनी दिलं. मला उगीच आठवलं, की रंगूनमध्ये व्हिटमोर हे सगळं पाहत होते तेव्हा ब्रह्मदेशचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. आजाराशी त्याचा काही संबंध नाही, पण खाटेशेजारी बसलेल्या माणसाचं डोकं असंच कुठेही जातं.

भारतात १९९१ मध्ये मुंबईतल्या एका मुलाच्या आजारातून याची नोंद झाली. आज सर्वांत जास्त केसेस कुठे सापडतात, तर उडुपी, मणिपाल, मंगळूर या पट्ट्यात. आमच्या कुडाळ स्टेशनात थांबणारी गाडीच पुढे उडुपीला जाते. तीच लाल माती, तोच चार महिन्यांचा पाऊस, तीच भाताची खाचरं, घरोघरी तीच साखर. तिथे तो जास्त आहे की तिथल्या लॅब त्याला शोधतात म्हणून जास्त दिसतो? मला यातलं दुसरं खरं वाटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि ८९ हजार जण दगावतात. त्यांतले ४४ टक्के आजारी आपल्या दक्षिण आशियात. हे इतके लोक आहेत कुठे? कुठल्या तरी कागदावर त्यांचंही भेसळ म्हणून झालं असेल, किंवा टीबी, किंवा नुसताच ताप.

बाबांना गोव्यात शिरेतून सेफ्टाझिडिम सुरू झालं, दर सहा तासांनी. रात्री बाराला आणि पहाटे सहालाही. या आजारात पहिले किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून औषध लागतं, पांथरीत पू असल्यामुळे बाबांना चार आठवडे दिलं. पहिले सहा दिवस काहीच फरक दिसला नाही. सहाव्या रात्री मी नर्सशी जवळजवळ भांडले. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की या आजारात ताप उतरायला आठवडा, कधी त्याहूनही जास्त लागतो, औषध चुकलं असं समजू नका. नवव्या दिवशी संध्याकाळी चार वाजले, साडेचार वाजले, थंडी आली नाही. आई घड्याळाकडे बघत होती आणि मी आईकडे.

त्या साली अधिक श्रावण आल्यामुळे चतुर्थी लांबली होती, १९ सप्टेंबरला आली. ते आमच्या पथ्यावर पडलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा घरी आले. मुंबईहून भाऊ आला, गणपतीवरची माटवी बांधली गेली. आरतीला बाबा खुर्चीवर बसून होते.

पण आजाराचा दुसरा भाग घरीच असतो, आणि तोच फसवा. शिरेतलं औषध थांबल्यावर निदान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात, पेशींच्या आत दडलेले उरलेसुरले जंतू काढायला. त्या अर्धवट सोडल्या की आजार उलटतो. उलटण्याचं मोठं कारण हेच. बाबांच्या वजनाच्या हिशेबाने डॉक्टरांनी दीड गोळी सकाळी, दीड गोळी रात्री असं लिहून दिलं. ती गोळी केवढी, तर पावट्याच्या दाण्याहून मोठी. आई विळीवर ठेवून ती अर्धी करायची. एक तुकडा उडून चुलीमागे गेला की तो शोधून काढायची, दुसरी फोडायची नाही. अर्धे तुकडे काचेच्या बाटलीत वेगळे. "गोळी घेतलात मां?" हे वाक्य तीन महिने आमच्या घरात रामरक्षेच्या जोडीने रोज ऐकू येत होतं. या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, अंगावर पुरळ येऊ शकतं, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. ते मी स्वतः घेत होते. एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलं, डॉक्टरांनी डोस सांभाळला, खाली आलं. डिसेंबरमध्ये शेवटची सोनोग्राफी झाली तेव्हा पांथरीत एक बारीक वण फक्त राहिला होता.

बाबा वाचले हे उपचाराइतकंच वेळेचं देणं आहे. ईशान्य थायलंडमध्ये या आजारात शंभरातले चाळीसच्या आसपास लोक जातात. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला १९८९ पासून प्रत्येक पेशंटची नोंद ठेवतात, लवकर ओळखतात, चांगला आयसीयू आहे, तिथे हे प्रमाण दहाच्या आसपास आलं. जंतू तोच आहे.

म्हणून आता मी माझ्या लॅबमध्ये भांडून एक गोष्ट करून घेतली. कल्चरच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवले: मधुमेह आहे का, शेतीकाम आहे का. पावसाळ्यात ज्यांची दोन्ही उत्तरं हो, त्यांची प्लेट आम्ही दुसऱ्या दिवशी टाकत नाही. चार दिवस ठेवतो. सुरकुती पडते का बघतो, ऑक्सिडेज नावाची जंतू ओळखायची चाचणी करतो, कोलिस्टिनची आणि ऑगमेंटिनची ओळ जोडीने वाचतो. मशीनने दुसरंच नाव दिलं तरी, कारण मशीनही याला कधी कधी त्याच्या चुलत भावाच्या नावाने ओळखतं. शंका आली की प्लेट टेपने बंद, आणि पुढे मोठ्या लॅबकडे. दोन पावसाळ्यांत अशा तीन प्लेटी गेल्या. एकीत हाच जंतू निघाला. लावणीला गावी गेलेला, साखर असलेला माणूस होता. त्याला टीबीच्या गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत.

तुमच्या घरात कुणाला साखर असेल, पाय चिखलात गेले असतील आणि पावसात आठवडाभर ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: साखर आहे, लावणी केली आहे, रक्ताचं कल्चर करूया. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेऊ द्या. आणि मेलिऑइडोसिस तर नसेल ना, हे नाव घेऊन विचारा. विचारताना संकोच वाटतो, मला तर लॅबमध्ये असूनही वाटला होता. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वेगळं ताट-वाटी करू नका. आमच्याकडे एकदोघींनी ते सुचवलं होतं. लस अजून नाही. राहता राहिले आपले पाय आणि आपली साखर.

पायांबाबत बाबांशी अजून पटत नाही. गमबूट आणले. मेरेवर घालतात, पण शेवटच्या कुणग्यात उतरले की बूट चिखलात रुततो आणि पाय तेवढा वर येतो. ते खोटं बोलत नाहीत, मी स्वतः घालून पाहिलं. "पन्नास वर्सा ह्या मातीत उभो आसंय," ते म्हणतात, "मातीन माका कधी काय करूक नाय." मी त्यांना मातीचा दोष आहे असं कधीच म्हटलेलं नाही. मी एवढंच ठरवून घेतलं आहे की शेवटचा कुणगा आता मजुरीने लावायचा, पायाला चीर असेल त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही, वर आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करायचे आणि मग मला दाखवायचे. साखर आता ७.४ वर आली आहे.

परवा रविवारी माहेरी गेले होते. बाबा वरच्या कुणग्यातून आले, पाय धुतले, पडवीत बसले आणि काही न बोलता उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला. आता त्यांनाही सवय झाली आहे. मी मोबाइलची बॅटरी लावली, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून पाहिल्या, मग तळवा. टाचेच्या वर, भेगेच्या कडेला, मेरेवरच्या लाजाळूचा काटा अर्धा आत गेला होता. आजूबाजूला लाल झालं होतं. म्हणजे सकाळचा असणार.

मी त्यावर बोट दाबलं. "लागता काय?"

"खय?" बाबा म्हणाले.

आई सुई आणायला आत गेली.